पाव किलोचे गणित

डिसेंबर २०१५. अमेरिकेत नाताळची खरेदी जोरात होती आणि त्या वर्षी मुलांच्या, खरे तर त्यांच्या बापांच्याही, मागणीत ड्रोन वरच्या क्रमांकावर होता. नेमक्या त्याच वेळी तिथल्या विमान वाहतूक खात्याने, फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, नवा नियम आणला. २१ डिसेंबरपासून, निव्वळ छंद म्हणून का होईना, ड्रोन किंवा रिमोटवरचे मॉडेल विमान उघड्यावर उडवायचे असेल तर मालकाने आधी सरकारकडे नाव नोंदवायचे, पाच डॉलर भरायचे आणि मिळालेला क्रमांक यंत्रावर लिहायचा. मालक किमान १३ वर्षांचा हवा. पहिल्या तीस दिवसांत जवळपास तीन लाख लोकांनी नावे नोंदवली.

या नियमाला खालून एक मर्यादा होती. ०.५५ पौंडापर्यंतच्या यंत्राला नोंदणी नको, त्यावरच्याला हवी. ०.५५ पौंड म्हणजे २५० ग्रॅम. आपल्या भाषेत पाव किलो. ही रेषा पुढे जगभर गेली. कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ यांनी ती कमीअधिक फरकाने उचलली आणि भारताच्या ड्रोन नियमांतला ‘नॅनो’ हा सर्वांत हलका वर्गही २५० ग्रॅमवरच थांबतो. चहाच्या पुड्यावर छापलेला असतो तोच आकडा कायद्यात कसा आला, हा प्रश्न विमानशास्त्राचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराचसा वैद्यकाचा आहे, कारण आकडा निघाला तो माणसाच्या डोक्याला बसणाऱ्या माराच्या हिशेबातून.

त्याआधी मॉडेल विमाने नव्हती असे नाही. अमेरिकेतली ‘अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ही छांदिष्टांची संस्था १९३६ सालची. बाल्सा लाकडाचे विमान महिनोन्‌महिने खपून बांधायचे, गावाबाहेरच्या मैदानावर न्यायचे, जाणत्या सभासदाकडून उडवायला शिकायचे, असा तो संसार. शिकल्यावाचून उडवले तर विमान पहिल्याच दिवशी जमिनीत रुतायचे, त्यामुळे शिकणे आपोआप सक्तीचे होते. सभासदाची ओळख विमानावर लिहिण्याची पद्धतही या मंडळींत जुनी. म्हणूनच ‘आमचा क्रमांक असताना सरकारचा दुसरा कशाला’ ही त्यांची तक्रार रास्त होती. चार पंख्यांच्या ड्रोनने मात्र ही घडी मोडली. त्याला हवेत स्थिर ठेवण्याचे काम आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. खोक्यातून काढलेला ड्रोन त्याच संध्याकाळी, आयुष्यात कधी काही न उडवलेला माणूसही, वाढदिवसाच्या गर्दीवर उडवू शकतो. साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे ज्याला संपर्कात येणाऱ्यांची संख्या म्हणतात, ती एकाएकी वाढली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये एक कृतिदल नेमले गेले आणि महिनाभरात त्याने अहवाल दिला. त्यातले गणित असे. उंचावरून बिघडून खाली येणारे छोटे यंत्र हवेच्या विरोधामुळे एका मर्यादेपलीकडे वेग घेत नाही. पाव किलोच्या ड्रोनसाठी तो वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर धरला. शाळेतले सूत्र लावले, अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, तर ऊर्जा निघते ७८ ज्यूल, ढोबळ ८०. डोक्यावर ८० ज्यूलचा मार बसला तर मृत्यूची शक्यता ३० टक्के, असे आधीच्या अभ्यासांवरून मानले. मग दर शंभर तासांच्या उड्डाणामागे यंत्र एकदा पडेल, खाली दर चौरस मैलाला दहा हजार माणसे असतील, त्यांतली काहीच उघड्यावर असतील, अशी गृहीतके जोडली. उत्तर आले : दोन कोटी उड्डाण-तासांमागे जमिनीवरच्या एकाहून कमी माणसाचा मृत्यू. एवढा धोका समाज सोसू शकतो, म्हणून पाव किलोच्या आतल्यांना मोकळीक.

८० ज्यूल म्हणजे नेमके किती, हे कळायला मैदानावर जावे. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. गोलंदाजाने तो ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकला तर हातातून सुटताना त्यात शंभरहून थोडी अधिक ज्यूल ऊर्जा असते. कोकणातल्या माडावरून, पंधरा मीटर उंचीवरून, दीड किलोचा असोला नारळ पडला तर ती सव्वादोनशेच्या घरात जाते. पापुआ न्यू गिनीतल्या एका रुग्णालयाने १९८४ साली चार वर्षांचा हिशेब मांडला होता. तिथे दुखापतीने दाखल झालेल्यांत अडीच टक्के लोक नारळ पडून जखमी झालेले होते. तेव्हा पाव किलोचा ड्रोन हे काही आकाशातून कोसळणारे अघटित नव्हे.

पण शरीर केवळ ज्यूल मोजत नाही. तीच ऊर्जा रुंद, लवचीक वस्तूतून आली तर वस्तू स्वतः चेपते, मोडते आणि मार वाटला जातो. टोकदार, कडक वस्तूतून आली तर ती एका जागी उतरते. ड्रोनचे प्लास्टिकचे हात धडकेत मोडतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्यापेक्षा ड्रोनची इजा कमी असते, असे अमेरिकेतल्या विद्यापीठांनी पुढे पुतळ्यांवर केलेल्या चाचण्यांतही दिसले. शिवाय मार कुठे बसला याला महत्त्व. कानशिलाजवळ कवटीचे हाड सर्वांत पातळ आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. ती फाटली तर रक्त हळूहळू साठते. माणूस उठून बसतो, ‘काही नाही झाले’ म्हणतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज २०१४ साली गेला तो चेंडू कवटीवर नव्हे, हेल्मेटखाली मानेच्या बाजूला बसून. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली होती. लहान मुलाची कवटी मोठ्यांपेक्षा पातळ असते. कृतिदलाच्या सूत्रात यातले काही नाही, आणि महिनाभरात उत्तर द्यायचे असल्यावर ते असणारही कसे?

आपल्या दृष्टीने त्या सूत्रातली आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे : माणसांची दाटी. दर चौरस मैलाला दहा हजार म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ३,९००. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत हा आकडा वीस हजारांच्या आसपास होता. म्हणजे पाचपट. त्यातही आपले आयुष्य बरेचसे उघड्यावर : बाजार रस्त्यावर, वरात रस्त्यावर, मिरवणूक रस्त्यावर. तेच सूत्र, तेच वजन, दाटी फक्त आपली घातली, तर दोन कोटी तासांमागचा एक मृत्यू चाळीस लाख तासांमागे येतो. तरीही धोका छोटाच आहे आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र पाव किलोची रेषा निसर्गाने आखलेली नाही, तिच्या पोटात विशिष्ट देशातली विशिष्ट गृहीतके आहेत, एवढे त्यावरून कळावे.

न मोजलेल्या जखमा

या गणितातली खरी उणीव वेगळीच आहे. त्यात फक्त मृत्यू मोजले आहेत. ड्रोनने होणाऱ्या दुखापती बहुतेक वेळा वरून पडून होत नाहीत. त्या हाताच्या अंतरावर होतात, आणि त्या करतात पाती. वीस सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. पाते हलके असते म्हणून हाड क्वचितच तुटते, पण त्वचा, बोटाचा स्नायुबंध आणि डोळा यांना तेवढे पुरते. उडते यंत्र हाताने पकडायला जाणे, बॅटरी जोडल्यावर अचानक पाती सुरू होणे, झाडाला लागून यंत्र गिरकी घेणे, या नेहमीच्या तऱ्हा. इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्यात २०१५ साली कुटुंबाच्या मित्राने घरासमोर उडवलेला ड्रोन झाडाला घासून भरकटला आणि दीड वर्षाच्या मुलाचा एक डोळा कायमचा गेला. मोठी मॉडेल हेलिकॉप्टर त्याहून भयंकर : सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका उद्यानात १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचे पाते डोक्याला लागून जागीच मरण पावला. तो नवखा नव्हता, सराईत होता.

डोळ्याच्या बाबतीत वजनाला जवळजवळ अर्थच राहत नाही. शंभर ग्रॅमच्या खेळण्याचे पातेही बुबुळावर चीर पाडू शकते. तरी कायद्याची नोंदणीची रेषा वजनावरच उभी आहे, आणि त्यातून एक विचित्र गोष्ट घडली आहे. ड्रोनच्या पात्यांभोवती बसवायचे जाळीचे किंवा कड्याचे कुंपण मिळते. बोटे आणि डोळे वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही. पण कंपन्यांनी नोंदणीची रेषा बघून यंत्रे बनवली २४९ ग्रॅमची. जपानमध्ये तेव्हा रेषा २०० ग्रॅमवर होती, तर एका कंपनीने तेच मॉडेल तिथे १९९ ग्रॅमचे काढले. यात वाईट काही नाही. हलकी यंत्रे बाजारात आली हा नियमाचा फायदाच म्हणायचा. मात्र २४९ ग्रॅमच्या यंत्राला कुंपण लावले की काटा अडीचशेच्या पुढे जातो आणि सूट संपते. मुलांमध्ये उडवताना सुरक्षित होण्यासाठी जो भाग लावायचा, तोच लावल्याने यंत्र कायद्याच्या लेखी अधिक धोकादायक ठरते. हेल्मेट घातल्याने दुचाकीचा वर्ग बदलावा, असा हा प्रकार झाला.

याची जाण नियम करणाऱ्यांना अजिबात आली नाही असे नव्हे. अमेरिकेच्याच खात्याने एप्रिल २०२१ पासून माणसांच्या डोक्यावरून ड्रोन उडवण्याचे वेगळे नियम लागू केले. त्यांत सर्वांत हलक्या वर्गासाठी पाव किलोची मर्यादा तीच, पण सोबत अट आली : त्वचा कापेल असा कोणताही फिरता भाग उघडा नको. त्यावरच्या दोन वर्गांना इजेच्या मर्यादा घातल्या त्या कडक वस्तूच्या ११ आणि २५ फूट-पौंड माराइतक्या, म्हणजे सुमारे १५ आणि ३४ ज्यूल. २०१५ मध्ये मृत्यू मोजताना ८०. २०२१ मध्ये जखमा मोजताना १५ आणि ३४. युरोपने ८० ज्यूल ठेवले, पण एका वर्गासाठी विचारले ते केवळ यंत्राचे वजन नव्हे तर धडकेत डोक्यात प्रत्यक्ष किती ऊर्जा उतरते तेही. शिवाय धारदार कडा टाळाव्यात, पात्यांनी होणारी इजा मर्यादित राहील अशी रचना असावी, असेही लिहिले. वैद्यकाच्या नजरेने हा प्रश्न जास्त बरोबर विचारला गेला आहे. जपानने जून २०२२ पासून आणि ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून आपापली रेषा १०० ग्रॅमपर्यंत खाली आणली. तरी कुंपणाचे वजन सोडून मोजा, असे सगळीकडे ठळकपणे म्हटलेले नाही. ते म्हणायला हवे.

अमेरिकेतल्या त्या पहिल्या नियमाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात. वॉशिंग्टन परिसरातल्या एका मॉडेल विमानप्रेमीने स्वतःच खटला लढवला. मॉडेल विमानांसाठी नवे नियम करू नयेत असे २०१२ च्या कायद्यातच लिहिले असताना खात्याने नोंदणी लादली, हा त्याचा मुद्दा न्यायालयाने मे २०१७ मध्ये मान्य केला आणि नोंदणी रद्द झाली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून ती परत आणली. फेब्रुवारी २०१९ पासून क्रमांक यंत्राच्या बाहेरच्या बाजूला दिसेल असा लिहावा लागतो. आत, बॅटरीच्या कप्प्यात लिहिला तर तो पाहण्यासाठी कप्पा उघडणाऱ्याला लपवलेल्या स्फोटकाचा धोका, हे त्याचे कारण.

आपल्याकडचे नियम

भारतात २०१४ साली नागरी वापरासाठी ड्रोन उडवायला जवळजवळ बंदीच होती. डिसेंबर २०१८ पासून सशर्त परवानगी आली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे ड्रोन नियम जारी झाले. वर्ग वजनावर : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, मग मीडियम आणि लार्ज. सूट दिलेली नसेल तर नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेतल्याशिवाय यंत्र उडवायचे नाही, हा मूळ नियम. शुल्क १०० रुपये. नॅनोला वैमानिकाचे प्रमाणपत्र, यंत्राचे प्रकार प्रमाणपत्र आणि विमा यांतून सूट आहे. मायक्रो यंत्र धंद्यासाठी उडवायचे नसेल तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे चित्रीकरण पैसे घेऊन करणाऱ्याला मात्र लागते. ‘मॉडेल’ यंत्रांना वेगळी जागा आहे : २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठीचे आणि नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे. त्यांना प्रकार प्रमाणपत्र लागत नाही. तेव्हा दुकानदाराच्या ‘याला काहीच लागत नाही साहेब’ या वाक्यावर विसंबून पाकीट उघडू नये. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, हेही तो सांगेलच असे नाही.

कुठे उडवावे, याचा सरकारी नकाशा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे पाहावे लागतात. गंमत अशी की १९३४ च्या विमान कायद्यातल्या ‘विमान’ या व्याख्येत पतंगही होता. संक्रांतीला गच्चीवर चढलेल्या कुणालाच त्याची खबर नव्हती. नायलॉन मांजाने गळे चिरले जाऊ लागले तेव्हा बंदी आली ती मांजावर, आणि ती मांजाच्या वजनावर नव्हे, त्याच्या धारेवर होती.

नोंदणीने जखम टळत नाही. तिचा उपयोग नंतरचा आहे. अपघात झाला तर उडवणाऱ्याने ४८ तासांत ऑनलाइन कळवायचे असते आणि भरपाईला मोटार अपघातांच्या विम्याचे नियम लागू होतात. नॅनोला विम्याची सक्ती नाही. म्हणजे शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लागले तर खर्चाचा प्रश्न दोन घरांत सुटायचा. तेव्हा पाव किलोच्या आतले यंत्रही कुंपणासह घ्यावे, मुलांना तीन-चार मीटर लांब ठेवून उडवावे, हवेत हाताने धरू नये. बॅटरी फुगली असेल तर वापरू नये. चार्जिंगला लावून झोपू नये.

आणि तरीही लागलेच तर? डोळ्याला लागले असेल तर चोळू नये, दाबू नये, पाण्याने धुऊ नये, घरातले थेंब घालू नयेत. कागदी पेल्याचा तळ डोळ्याला न टेकता वरून धरावा, चिकटपट्टीने बसवावा आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात तडक न्यावे. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नये. बोट कापले तर स्वच्छ पाण्याने धुऊन, कापडाने दाबून, हात उंच धरावा; बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, टोकाला बधिरपणा असेल तर जखम छोटी दिसली तरी स्नायुबंध किंवा नस तुटलेली असू शकते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये. डोक्याला मार बसल्यावर उलट्या, वाढते डोकेदुखणे, गुंगी, बरळणे किंवा एक बाहुली मोठी दिसणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये, मग ड्रोन कितीही हलका असो.

अपघात विभागातल्या केसपेपरवर अशी जखम सहसा ‘धारदार वस्तूने’ एवढ्या दोन शब्दांत जाते. ड्रोनमुळे आपल्याकडे किती डोळे आणि किती बोटे जखमी होतात, हे त्या कागदावरून पुढे कुणालाच काढता येणार नाही. दुखापतीचे कारण विचारले जाते तेव्हा नातेवाइकांनी यंत्राचा प्रकार, अंदाजे वजन, पात्यांना कुंपण होते की नव्हते, आणि असल्यास त्यावरचा नोंदणी क्रमांक, एवढे सांगावे. टाके घालणाऱ्या डॉक्टरने ते लिहून घ्यायला अर्धा मिनिट लागतो.